बाजूला हो, सेनोबिओ

ला पास शहरातल्या शिकलेल्या पोरांना गेल्या वर्षी झटपट कॅमेऱ्याचा शोध लागला. कळ दाबायची, कॅमेऱ्याच्या तोंडातून कागद बाहेर येतो आणि थोड्या वेळाने त्या कागदावर माणूस उमटतो, ही गोष्ट जगात आपल्यालाच प्रथम कळली, असा त्यांचा समज होता. तो मोडावा असं कासिमीरा लारुताला काही वाटलं नाही. सरोवराकाठच्या कोपाकाबाना गावात, चर्चसमोरच्या चौकात तिने तेहतीस वर्षं हेच काम केलं होतं. पण तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता लोकांचं अज्ञान दूर करत फिरायला ती काही मास्तरीण नव्हती.

कासिमीरा म्हणजे डोक्यावर गोल तपकिरी टोपी, पाठीवर दोन पांढऱ्या वेण्या, एकावर एक पाच परकर, वरून जाड शाल आणि गळ्यात घडी घालता येणारा जुना कॅमेरा. जीभ अशी की चौकातली कुत्रीसुद्धा तिच्या वाटेला जात नसत.

आमच्या चौकात रोज सकाळी नव्या गाड्या आशीर्वादाला येतात. नव्या म्हणजे मालकाला नव्या; गाडीने आधी तीन मालक आणि दोन पुलांचे कठडे पाहिलेले असले तरी चालतं. गाडीला फुलांच्या माळा घालायच्या, फिती बांधायच्या, टपावर रंगीत कागदाचे तुकडे उधळायचे, बिअरची बाटली हलवून चाकांवर फेस उडवायचा. मग सगळं कुटुंब गाडीपुढे उभं राहतं आणि फोटो निघतो. तोवर पाद्री बादली घेऊन येतो. तो बॉनेटवर पाणी शिंपडतो, इंजिनावर शिंपडतो, ड्रायव्हरच्या टकलावर शिंपडतो आणि मालकाने हातात धरलेल्या ओल्या फोटोवरही शिंपडतो. हा शेवटचा शिडकावा महत्त्वाचा. मरियामातेचं पाणी प्यायलेला फोटो ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या, ऊन अडवणाऱ्या झापेत खोचला की गाडी भंगारात जाईपर्यंत तिथेच राहतो. तो काढला की आशीर्वाद उतरला, मग घाटात जे होईल त्याला ड्रायव्हर जबाबदार. म्हणून फोटो पाद्री येण्याच्या आत तयार लागतो. उद्या ला पासहून धुऊन आणतो म्हणणाऱ्याला आमच्याकडे फोटोवाला म्हणत नाहीत, लफंगा म्हणतात.

कासिमीराला हे स्वतःच्या लग्नात कळलं होतं. तिच्या आणि सेनोबिओ पोमाच्या लग्नाचे फोटो काढायला मोठ्या ऐटीत एक माणूस आला होता. त्याने दोन रोल काढले, डुकराचं मांस तीनदा मागून घेतलं आणि रोल धुवायला ला पासला गेला. तो अजून परत येतोय. त्या रागाच्या भरात तिने बोहल्याचे परकर विकून हातोहात फोटो देणारा कॅमेरा घेतला.

पण आमचं गाव ढगांच्या शेजारी. सरोवरावरून वारा सुटला की ऐन दुपारीही बोटं आखडतात आणि या फिल्मला थंडी सोसत नाही. माणसं निळी, फिकट, बुडून वर काढल्यासारखी उमटतात. चौकातले बाकीचे फोटोवाले कागद हवेत फडफडवत बसायचे. कासिमीरा कागद बाहेर आला की त्याच्याकडे न बघता सरळ शालीखाली, छातीशी सरकवायची. अंडं उबवावं तसा. पाद्री दोन गाड्या अलीकडे आला की फोटो बाहेर काढून मालकाच्या हातात द्यायची. गाल तांबूस, आकाश आकाशाच्या रंगाचं. स्वतः तो नीट बघायला तिला कधी सवड मिळाली नाही, कारण पुढची गाडी हॉर्न वाजवत असायची.

सेनोबिओ गाड्या सजवायचा. डोक्यावर लाल विणलेली कानटोपी, एका हातात फिती, दुसऱ्या हातात बिअर. माणूस भला, कामाला वाघ, पण एक खोड होती. गाडी सजवून झाली की तो तिच्या शेजारीच उभा राहायचा. मान तिरकी करून, पोट पुढे काढून, जसा काही बयाणा त्यानेच दिला होता. सुरुवातीलाच एका गिऱ्हाइकाने फोटो बघून आरडाओरडा केला होता, "हा बाटलीवाला कोण? गाडी माझी का त्याची?" तो फोटो कासिमीराने तिथेच फाडला आणि तेव्हापासून चौकात रोज सकाळी चर्चच्या घंटेइतकीच नेमाने एक आरोळी ऐकू यायची.

"बाजूला हो, सेनोबिओ!"

"झालो की."

"कोपर दिसतंय!"

"आता?"

"पोट! पोट राहिलं! इकडे ये, माझ्यामागे ये बघू!"

मग तो हसत हसत यायचा आणि तिच्या उजव्या खांद्याशी उभा राहायचा. गाडी, कुटुंब, मागे चर्चचा पांढरा घुमट. फोटोत बाहेरचा एक केसही नाही. अशी कापाकापी करणारा हात साऱ्या चौकात नव्हता. दिवसाला पंधरा, सणाला साठ. तेहतीस वर्षांत किती झाले याचा हिशेब तुम्हीच करा. आणि त्या प्रत्येक फोटोतून तिने आपला नवरा काळजीपूर्वक वगळला होता.

मग वाईट दिवस आले. आधी फोन आले. त्यानंतर परदेशातल्या कंपनीने असल्या फिल्मचं काम आटोपलं, का तर म्हणे आता कोणाला ती नको आहे. आमच्या चौकात विचारायला कोणी आलं नव्हतं. इतर फोटोवाल्यांनी माशांचे गाडे टाकले. कासिमीरा पेरूच्या व्यापाऱ्यांकडून जुने डबे मिळवत राहिली, त्यातले अर्धे आत्माच गेलेले निघत. गाडीवाले फोनवर फोटो काढून फोन पिशवीत घालून पाद्र्यापुढे धरू लागले. पाणी पिशवीवर पडायचं. आशीर्वाद पिशवीला मिळायचा.

आणि तीन वर्षांमागे ऑगस्टमध्ये एका टॅक्सीला फीत बांधता बांधता सेनोबिओ खाली बसला, तो उठलाच नाही. त्या सकाळी तिने त्याला चारदा बाजूला व्हायला सांगितलं होतं. या वेळी त्याने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

पुरून घरी आल्यावर तिला कळलं की घरात त्याचा फोटो नाही. एकही नाही. लग्नाचे रोल कधी आलेच नाहीत आणि तिने काढलेला प्रत्येक फोटो त्याच दिवशी कोणा ना कोणाच्या गाडीतून निघून गेला होता. असल्या फोटोला मागे काही उरत नाही; एकच कागद असतो आणि तो गिऱ्हाइकाचा. गावातल्या प्रत्येक टेंपोचा फोटो तिने काढला होता. नवऱ्याचा नव्हता.

आमच्याकडे मेलेल्याला तीन वर्षं त्याच्या नावाने घरी बोलावतात. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला भर दुपारी बाराला आत्मा येतो, दुसऱ्या दिवशी बाराला जातो. त्याच्यासाठी मेज मांडायचं. पावाची माणसं, उतरायला पावाची शिडी, ऊस, त्याच्या आवडीचं खाणं, आणि मधोमध त्याचा फोटो, म्हणजे घर चुकायला नको. तिसऱ्या वर्षी निरोप. त्यानंतर तो एकट्या आपल्या घरचा राहत नाही, गावच्या सगळ्या मेलेल्यांत मिसळून जातो. आला की नाही हे कसं कळतं? मेजावर माशी बसते. त्या थंडीत माशी दुसऱ्या कशाला येईल?

पहिल्या वर्षी कासिमीराने त्याचं ओळखपत्र ठेवलं. सरकारी फोटोत माणूस जसा दिसतो तसाच तो दिसत होता. म्हणजे चोरी कबूल केलेला. कानटोपी काढायला लावलेली, हसू पुसलेलं. बारा वाजले, एक वाजला. माशी आली नाही. दुसऱ्या वर्षी तेच ओळखपत्र, तेच मेज, माशी नाही.

शेजारी फुलं आणि कागदाचे तुकडे विकणारी ओब्दुलिया तीस वर्षांची मैत्रीण, त्यामुळे मनाला लागेल असं बोलायचा तिला हक्क होता.

"येईल कसा? खिडकीतून डोकावला असेल, स्वतःचं ते थोबाड बघितलं असेल. वाटलं असेल, ही पोलीस चौकी."

"तू गप बस."

"मी गप बसते. पण पुढचं वर्ष शेवटचं आहे हं, कासिमीरा. पुढच्या वर्षी नाही आला तर मग संपलं."

कासिमीराला हे सांगायची गरज नव्हती. वर्षभर ती ओब्दुलियाच्याच टपरीवर रंगीत कागद विकत बसली होती, गळ्यात रिकामा कॅमेरा अडकवून. फिल्म संपून दोन वर्षं झाली होती. कॅमेरा कशाला घालतेस असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "नाहीतर मान हलकी होते उगाच."

सप्टेंबरात आनाई आली. बावीस वर्षांची, ला पासच्या विद्यापीठातली, केसांची एक बट हिरवी, आणि गळ्यात कोरा करकरीत झटपट कॅमेरा. एका सजवलेल्या जीपचा तिने फोटो काढला आणि कागद तापमापक झटकावा तसा झटकू लागली. कासिमीराने बराच वेळ सहन केलं.

"पोरी, काय लागलंय त्याला? मुंग्या?"

"असं केलं की लवकर उमटतो, डोन्या." आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने डोन्या म्हणतात, पुरुषाला डोन.

"हो का? मग पोळीही तव्यावर न टाकता हवेत झटकत जा."

फोटो उमटला. जीप निळी, मालक निळा, त्याची बायको बुडून चार दिवस झाल्यासारखी. आनाई हरखून म्हणाली, "किती सुंदर! बघा ना, या चुकांतच जीव आहे. फोनमधले फोटो कसे गुळगुळीत असतात."

"जीव?" कासिमीराने जीपवाल्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हिचा तर गेलाय."

पुढचा कागद तिने आनाईच्या हातातून ओढला आणि शालीखाली सरकवला. पाद्री दोन गाड्या अलीकडे आल्यावर बाहेर काढला. बाई तांबूस गालांनी हसत होती. आनाईने आधी फोटोकडे बघितलं, मग शालीकडे, मग कासिमीराच्या गळ्यातल्या जुन्या कॅमेऱ्याकडे, आणि ती म्हणाली, मला शिकवा. हा प्रकार ला पासच्या पोरांत क्वचित घडतो.

पुढच्या आठवड्यात कासिमीरा इंटरनेटवर होती. त्याच्या पुढच्या शनिवारी चौकात अठरा पोरं होती, प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. ती तिला गुरुमाता म्हणायची. संथपणा, स्पर्श, अपूर्णतेचं सौंदर्य असं काहीबाही बोलायची आणि मग तिने शिकवल्याप्रमाणे फोटो काखेत घालून कोंबड्यांसारखी ओळीने उभी राहायची. फिल्म पुन्हा बनू लागली होती, परदेशातच. आनाईने तिला एक डबा भेट दिला. तो तिच्या जुन्या कॅमेऱ्यात बसत होता.

"पूर्वी डब्यात दहा असायचे. आता आठ?" कासिमीराने विचारलं.

"हो डोन्या. पण पुनरुज्जीवन झालंय ना!"

"दोन फोटो पुनरुज्जीवनाने खाल्ले म्हणायचे." पण डबा तिने शालीत ठेवला आणि तो उघडला नाही.

आनाईच्या डोक्यातून कल्पनांचा झरा वाहायचा, तो थांबवायची सोय नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तिने जाहीर केलं, ज्यांच्या ज्यांच्या गाडीत डोन्या कासिमीराने काढलेला फोटो आहे त्यांनी गाडी घेऊन चौकात यावं. आपण सगळे फोटो एकत्र बघू.

"कशाला?" कासिमीरा म्हणाली. "मी काढलेत, मला माहीत आहेत. गाडी, कुटुंब, घुमट. गाडी, कुटुंब, घुमट."

बोलता बोलता ती थांबली. एवढ्या हजारो फोटोंत एखाद्यात तरी चुकून सेनोबिओ राहिला असेल. एकदा तरी हात हलला असेल, एकदा तरी तो वेळेवर बाजूला झाला नसेल. मेज तोंडावर आलं होतं.

"सगळ्यांना बोलव," ती म्हणाली. "ट्रकवालेसुद्धा."

रविवारी चौक भरला. टॅक्सी, ट्रक, टेंपो, एक शववाहिका. मालक झापेतला फोटो काढून देत, पण त्याला हात लावूनच उभे राहत. फोटो गाडीपासून पाच पावलांवर गेला की त्यांच्या कपाळाला घाम यायचा. कासिमीरा टपरीच्या फळीवर भिंग घेऊन बसली. एकेक फोटो घ्यायची आणि मधलं काही न बघता चारी कडा तपासायची. पोरांना वाटलं, गुरुमाता चौकट शिकवतायत. त्यांनी वह्या काढल्या.

दुपारपर्यंत तिने दीडशे फोटो बघितले. मिळालं ते असं: एक कोपर. एका बुटाचं टोक. फेसाळती बाटली धरलेली तीन बोटं. एका व्हॅनच्या चाकाशी पडलेली सावली, जी सेनोबिओची असेल किंवा खांबाची. बाकी सगळे फोटो स्वच्छ, नीटनेटके, निर्दोष. तिच्या कामात खोट काढायला जागा नव्हती.

"काय हात आहे!" एक पोरगा मागून म्हणाला. "एकही चूक नाही."

कासिमीराने भिंग खाली ठेवलं. तिला स्वतःचा संताप आला होता. कोपर दिसतंय म्हणून ती ओरडली होती. कोपर दिसलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? तेहतीस वर्षं ती लोकांच्या भंगार गाड्या जपून फोटोत घेत राहिली आणि आपलं माणूस हाकलत राहिली. तिला रडायचं होतं, पण अठरा पोरं वह्या घेऊन उभी होती; ती तेही लिहून घेतील अशी भीती वाटली.

"ऊठ आता," ओब्दुलिया हलकेच म्हणाली. "जेव काहीतरी."

तेवढ्यात डोन रेम्बेर्तो चुकिमियाची बस चौकात शिरली. हा ला पासच्या रस्त्यावरचा सगळ्यात जुना बसवाला, स्वभावाने कडू काढा. खाली उतरला तो तक्रार घेऊनच.

"तेवीस वर्षं सांगायचं राहिलंय, डोन्या. तुम्ही माझा फोटो बिघडवलात."

"मी? माझा फोटो?"

"तुमचाच. बस धुऊन पुसून चकचकीत करून आणली होती मी. आणि फोटोत बघा, पुढच्या काचेवर हा एवढा डाग! रोज झाप उघडली की दिसतो. रोज वाटतं, रेम्बेर्तो, काच पूस."

"डाग तुमच्या काचेवर, आणि दोष माझा?"

"ड्रायव्हर आहे मी. माणूस आधी काच बघतो, बाकी मग. माझ्या काचेवर डाग नव्हता."

कासिमीराने फोटो हिसकावून घेतला. बसच्या पुढे रेम्बेर्तो, बायको, पाच मुलं, सासू. कडा साफ होत्या. मग तिने कधी बघितलं नव्हतं तिथे, बसच्या सरळ उभ्या मोठ्या काचेवर भिंग धरलं.

डाग तपकिरी होता आणि गोल होता. ती तिची टोपी होती. टोपीखाली ती स्वतः, कॅमेऱ्यावर वाकलेली. आणि टोपीच्या शेजारी, तिच्या उजव्या खांद्याशी, लाल ठिपका. लाल ठिपक्याखाली तिळाएवढा चेहरा. काचेत चौक होता, आकाश होतं आणि ती दोघं होती. सेनोबिओच्या हातात बाटली होती. तो बसकडे बघत नव्हता. मान तिरकी करून तो तिच्याकडे बघत होता आणि हसत होता.

तिने भिंगावरची मान वर केली नाही. रेम्बेर्तोला वाटलं, बाई वरमली. त्याने विजयी मुद्रेने चौकाकडे बघितलं.

मग कासिमीरा उठली आणि तिने सगळ्या गाडीवाल्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी कडा नाहीत, काच. बंपर. चाकाच्या मधली चकचकीत थाळी. टॅक्सीच्या काचेत तपकिरी ठिपका आणि शेजारी लाल. ट्रकच्या बंपरवर दोघं पसरट, बेडकासारखी. शववाहिकेच्या काळ्या बॉनेटवर तर अगदी स्पष्ट. कोणी म्हणालं, आम्हाला वाटायचं घुमटाची सावली. कोणी म्हणालं, पक्ष्याची शीट. तिने ज्याला बाजूला काढलं तो दरवेळी तिच्याजवळ येऊन उभा राहिला होता, आणि एकाही फोटोत तो गाडीकडे बघत नव्हता.

"मूर्ख माणूस," ती म्हणाली. "एवढ्या नव्या गाड्या समोर, आणि बघतोय कुठे!" आणि ती रडली. पोरांनी वह्या मिटल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आता तो फोटो हवा होता. रेम्बेर्तोने तो छातीशी धरला.

"अजिबात नाही. सणाची गर्दी आहे, रोज दोन फेऱ्या आहेत. आशीर्वाद काढून बस घाटात घालू?"

"एका दिवसासाठी तर मागतेय."

"दरीत पडायला एक दिवस लागत नाही, डोन्या."

तिच्या स्वतःच्याच धंद्याचा हा पाया होता. आनाईने फोनवर फोटो घेऊन चेहरा मोठा करून दाखवला. मोठा करता करता सेनोबिओचा उकडलेला बटाटा झाला.

"हा माझा नवरा नाही," कासिमीरा म्हणाली. "हा नाश्ता आहे."

तिने शालीतून आठ फोटोंचा डबा काढला, जुना कॅमेरा उघडला, डबा आत ढकलला. रेम्बेर्तोचा फोटो फळीवर टेकवला, आनाईला कॅमेऱ्यापुढे भिंग धरायला लावलं आणि डोळा लावला. पहिला फोटो म्हणजे धुकं. दुसऱ्यात आनाईचा अंगठा. तिसरा, चौथा तिने कोणाला दाखवलाच नाही. पाचव्याला तिने श्वास रोखला. कागद बाहेर आला तसा शालीखाली गेला. पंधरा मिनिटं ती डोळे मिटून बसून राहिली.

फोटो बाहेर आला तेव्हा रेम्बेर्तो वाकून बघायला लागला आणि चिडला.

"अहो, माझं कुटुंब कुठंय? बायको कापली, मुलं कापली, सासूही कापलीत!"

"सासूबद्दल आभार मानायचे सोडून ओरडताय," कासिमीरा म्हणाली.

फोटोत बसच्या काचेचा तुकडा होता, त्यात गोल टोपी, आणि अगदी मधोमध लाल कानटोपीखाली मसुराएवढा सेनोबिओ.

एक तारखेला तिने मेज मांडलं. काळं कापड, पावाची माणसं, पावाची शिडी, तळलेला मासा, एक बिअर, फितींचं एक भेंडोळं. मध्ये तो फोटो. प्रार्थना म्हणून पाव घेऊन जाणारे लोक सकाळपासून येत होते. दोन म्हाताऱ्या बराच वेळ फोटोकडे बघत बसल्या. मग एकीने हळूच विचारलं, "बाई, बस कोणाची वारली?"

"प्रार्थना म्हणा आणि पाव घ्या," कासिमीरा म्हणाली.

आनाई दाराशी उभी होती, कॅमेरा पिशवीत घालून. तिला तसं सांगितलेलं नव्हतं. ओब्दुलिया मेजाजवळ उभी राहून फुलं नीट करत होती. चर्चच्या घंटा सुरू झाल्या. कासिमीराने मोजल्या नाहीत, पण त्या बारा असणार.

माशी खिडकीतून आली. उसावर बसली, माशावर बसली नाही, बाटलीच्या तोंडाशी एक फेरी मारली आणि मग फोटोवर, लाल ठिपक्याच्या शेजारी येऊन थांबली. ओब्दुलियाने सवयीने हातातलं फडकं उचललं आणि पुढे वाकली. तिच्या पाठीमागे फोटो दिसेनासा झाला.

"बाजूला हो, ओब्दुलिया!" कासिमीरा ओरडली. बाहेर गल्लीतसुद्धा ऐकू गेलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्याला मध्ये राहू दे."